झाडातलं घड्याळ: ‘स्ट्रेंजर थिंग्ज’, चौथा सीझन, पहिला भाग

आधीच सांगते, पुढे सगळं फोडलेलं आहे. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी इथूनच मागे फिरा.

भाच्याला बजावून ठेवलं होतं, मी घरी येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. शुक्रवारी, २७ मे २०२२ ला दुपारी साडेबाराला आपल्याकडे नेटफ्लिक्सवर या अमेरिकी भयमालिकेच्या चौथ्या सीझनचे भाग आले. मी बँकेत, कॅशच्या काउंटरवर. दोनच्या सुमारास त्याचा हॉस्टेलवरून मेसेज: “मावशी, शेवटची पाच मिनिटं जेवताना बघू नकोस.” झालं! रात्री जेवणं उरकून, ओटा पुसून टीव्हीसमोर बसले ती त्या पाच मिनिटांची धास्ती घेऊनच.

तिसरा सीझन आला होता ४ जुलै २०१९ ला. म्हणजे आपली तीन वर्षं गेली, त्यात करोना येऊन गेला, आणि हॉकिन्सात, म्हणजे मालिकेतल्या गावात, मात्र जेमतेम आठ महिने उलटलेत. मार्च १९८६. पोरं गोष्टीत नववीत आहेत आणि दिसतात कॉलेजातली. त्यांच्यातला माइक आमच्या शाळेत असता तर मागच्या बाकावरचा, तीनदा गचकलेला म्हणून सहज खपला असता. पहिली दहा मिनिटं हे फार खुपतं, मग डोळा सरावतो. त्या मार्चमध्ये मी साताऱ्याला पाचवीत होते, त्यामुळे या मालिकेतल्या सालांशी माझा उगीचच घरोबा आहे. त्याच टोळीतल्या मॅक्सच्या कमरेचा वॉकमन दिसला की मला आमच्या वाड्यातला दुबईहून आलेला एकुलता एक वॉकमन आठवतो. तो रांग लावून, एकेक गाणं असा ऐकायला मिळायचा.

भाग उघडतो तो मात्र १९७९ सालात. मुलांच्या अचाट शक्तींवर गुपचूप प्रयोग करणारा डॉक्टर ब्रेनर घरी शांतपणे आवरतोय, शब्दकोडं सोडवतोय, मग प्रयोगशाळेत जाऊन एका मुलाची चाचणी घेतो. सगळं इतकं निवांत की मी पाय वर घेऊन बसले. आणि मग किंकाळ्या. दार उघडतं तर कॉरिडॉरभर मुलांची प्रेतं, आणि मधे रक्ताने माखलेली छोटी इलेव्हन, त्याच प्रयोगशाळेत वाढलेली मालिकेची नायिका. इथे मी रिमोट उचलून थांबवलं, खोटं कशाला बोलू. तीनच दिवसांपूर्वी टेक्सासातल्या शाळेत गोळीबार झाला होता. अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी सुरुवातीला इशाऱ्याची पाटी टाकली होती म्हणे. पाणी पिऊन आले, मग पुढे चालू केलं.

कॅलिफोर्नियाचा भाग मला फिका वाटला. जॉइस आपल्या मुलांना आणि इलेव्हनला घेऊन तिथे राहायला गेलीय. इलेव्हनची मनाने वस्तू हलवायची शक्ती गेलीय, नव्या शाळेत अँजेला नावाची मुलगी तिला छळते. वर्गात ‘माझा हिरो’ सांगायचं असतं, तर ही पोर तिला मुलीसारखं सांभाळणाऱ्या, आता मेला असं सगळे समजतात त्या पोलीसप्रमुख हॉपरची झोपडी पुठ्ठ्याची करून नेते आणि ती तुडवली जाते. रडू येतंच, पण अँजेला इतकी ठळक दुष्ट रंगवलीय की आपल्या दुपारच्या मालिकांतली जाऊ शोभेल. जॉइसचा थोरला जोनाथन आणि त्याचा पिझ्झावाला मित्र सदा नशेत, ते विनोद मला झेपले नाहीत. जॉइसला रशियाहून चिनी मातीची बाहुली येते आणि हॉपर जिवंत असल्याचा धागा सुटतो. ठीक. तो जिवंत असणार हे आम्ही तिसऱ्या सीझनच्या शेवटालाच ताडलं होतं, तेव्हा त्यात धक्का कसला?

खरा भाग हॉकिन्समध्येच आहे. टोळीतला लुकास बास्केटबॉलच्या संघात शिरलाय आणि फायनलची मॅच नेमकी त्याच रात्री, ज्या रात्री माइक आणि डस्टिन या त्याच्या मित्रांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून राक्षसांशी लढायच्या खेळाचा शेवटचा डाव. खेळाच्या क्लबाचा म्होरक्या एडी मन्सन डाव पुढे ढकलायला साफ नकार देतो, म्हणून लुकासच्या जागी त्याची धाकटी बहीण एरिका येऊन बसते. अकरा वर्षांची, आणि तोंड सबंध टेबलाला पुरून उरणारं! मग एकीकडे लुकासने टाकलेला चेंडू हवेत, दुसरीकडे एरिकाचा वीस बाजूंचा फासा टेबलावर घरंगळतोय. दोन्हीकडे जिंकतात, दोन्हीकडे एकच जल्लोष. मी टाळ्या वाजवल्या, एकटीच. पण लुकास गर्दीच्या खांद्यावर आहे आणि त्याचे दोघे जिवलग तिथे नाहीत, हे हळूच टोचतं.

आता एडी आणि क्रिसी. ती चीअरलीडर, सगळ्या शाळेची लाडकी. तो तिसऱ्यांदा बारावीला बसलेला, लांब केसांचा, चोरून माल विकणारा. शाळेमागच्या जंगलात, जुन्या लाकडी टेबलाशी दोघं भेटतात. तिला गोळ्या हव्यात, पण ती इतकी बिचकलेली की तो धंदा बाजूला ठेवून तिला हसवायलाच बसतो. शाळेतल्या जुन्या कार्यक्रमात आपला बँड वाजला होता ते आठवण करून देतो. तू दुष्ट, भीतीदायक असशील असं वाटलं होतं, असं ती म्हणते आणि खुदकन हसते. अख्ख्या भागात तिच्या चेहऱ्यावर ऊन पडतं ते एवढंच. जोसेफ क्विन आणि ग्रेस व्हॅन डीन, दोघंही मालिकेत नवीन, आणि जुन्या सगळ्यांना पुसून टाकतात.

त्याच्या जरा आधी, ती तिथे एकटी उभी असताना, तिला झाडाच्या बुंध्यात रुतलेलं लंबकाचं उंच घड्याळ दिसतं. त्यातून काळे कोळी बाहेर पडतात. माझे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानात भिंतभर घड्याळं, आणि काही जुन्यांत काटे वेगळे आणि टोल्यांचं चाक वेगळं चालायचं. काटे कुणी उलटे फिरवले की दोघांची फारकत व्हायची आणि घड्याळ तीनला नऊ ठोके द्यायचं. बाबा म्हणायचे, “याचं डोकं ठिकाणावर आहे, जीभ नाही.” तर जंगलात घड्याळ वाजलं तेव्हा कोळ्यांकडे माझं लक्षच नव्हतं. मी आधी काटे बघायला गेले.

आणि मग ती पाच मिनिटं. रात्री क्रिसी एडीच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे त्याच्या चाकांवरच्या घरात, आलीय. एडी आतल्या खोलीत पुडी शोधतोय आणि क्रिसीला भास होतो, आईचा आवाज येतो. आई शिवणाच्या मशीनवर तिचा चीअरलीडरचा ड्रेस सैल करतेय, किती प्रेमाने सांगतेय, तुझ्यासाठीच करतेय गं. त्याच दिवशी ही मुलगी शाळेच्या बाथरूममध्ये उलट्या काढत होती, ते तिथे जुळलं. माझ्या अंगावर काटा आला तो या एका वाक्याने. जबडा, हातपाय, डोळे हे सगळं पुढचं. कापडाचा विषय काढून मुलीचं अंग मोजणाऱ्या बायका मी लग्नाकार्यात किती पाहिल्यात! वडील बसलेत तर त्यांचे डोळे-तोंड शिवलेले. जिन्यावरून तो राक्षस, वेक्ना, उतरतो, ज्याचं नाव संध्याकाळी पोरांच्या खेळात आपण ऐकलेलंच असतं. इकडे खऱ्या खोलीत दिवे लुकलुकतात, ती छताला टेकते, आणि हाडं एकेक करून मोडतात. एडीची किंकाळी, आणि अंधार.

समोरच्याच ट्रेलरमध्ये मॅक्स राहते. तीही कुणाला काही सांगत नाही, शाळेतल्या समुपदेशक बाईंनाही नाही. कानात १९८५ चं केट बुशचं गाणं घालून कॉरिडॉरमधून चालत राहते. पुढचा नंबर कुणाचा, हे मला तिथेच कळलं. बरोबर निघालं तर भाच्याकडून मिसळ.

सव्वा तासाहून लांब भाग, त्यातली कॅलिफोर्नियाची वीस मिनिटं कापली असती तरी चाललं असतं. पण सुरुवात म्हणून मला दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनपेक्षा कितीतरी उजवी वाटली. पुढचा भाग आपोआप सुरू व्हायला लागला तो मी बंद केला. हॉलमध्ये बाबांचं घड्याळ आहे. त्याचे टोले मीच बंद करून ठेवलेत, खालच्या आजींची झोप मोडते म्हणून. तरी दिवा लावून एकदा बघून आले.

अकराला भाच्याचा मेसेज, “दुसरा लावलास?”

मी लिहिलं, “उद्या. दिवसाउजेडी.”