साठ होम रनवाला कॅचर आणि त्याचं प्रगतिपुस्तक: ‘बेसबॉल सॅव्हंट’ वापरून पाहताना

२०२५ च्या मोसमात सिॲटल मरिनर्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या कॅल रॉलीने ६० होम रन (थेट कुंपणापलीकडे मारलेले फटके) मारले. तो कॅचर आहे, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, आपल्या यष्टिरक्षकासारखा. मुख्यतः कॅचर म्हणून खेळणाऱ्यांमधला एका मोसमाचा आधीचा विक्रम साल्वाडोर पेरेझचा होता, ४८ (२०२१). डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंनी फलंदाजी करणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचे ५४ (१९६१) आणि मरिनर्सकडून केन ग्रिफी ज्युनियरचे ५६, हेही मागे पडले. आता याच रॉलीची त्या मोसमातली सरासरी बघा: ०.२४७, म्हणजे दर हजार संधींत २४७ हिट (बेस गाठून देणारे फटके). क्रिकेटची आकडेवारी वाचत मोठं झालेल्या माणसाला प्रश्न पडणारच, की हा फलंदाज भारी आहे की नाही?

त्याचं उत्तर ‘बेसबॉल सॅव्हंट’वर मिळतं. साइट मेजर लीगची, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेची, स्वतःची आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. मागची यंत्रणा आपल्या ओळखीचीच: हॉक-आय. क्रिकेटमध्ये पायचीतचा वाद सोडवणारी हीच कंपनी २०२० पासून तिथल्या मैदानांवर कॅमेरे लावून प्रत्येक चेंडूचा वेग, कोन आणि फिरकी मोजते.

सुरुवात खेळाडूच्या पानापासून करावी. शोधपेटीत नाव टाकलं की वर शंभरपैकी क्रमांक दाखवणाऱ्या पट्ट्या येतात. लाल म्हणजे धोका ही सवय इथे सोडायची. लाल उत्तम, निळं कच्चं, ५० म्हणजे मधला. रॉलीसाठी आधी ‘बॅरल’ची पट्टी पाहा. फटक्याचा वेग किमान ९८ मैल (साधारण १५८ किमी) आणि कोन २६ ते ३० अंश असला की तो बॅरल धरतात. वेग वाढेल तशी कोनाची मुभाही वाढते. मग खाली चेंडू कुठे गेले त्याचा आराखडा बघा. रॉली चेंडू हवेत उचलतो आणि आपल्याच बाजूला ओढून मारतो. कुंपण तिथेच सर्वांत जवळ असतं. असे चेंडू कुंपणापलीकडे पडले तर होम रन, नाहीतर बहुतेक झेल. मधले छोटे हिट कमी, म्हणून सरासरी खाली. ०.२४७ चा उलगडा त्या एका आराखड्यात होतो.

होम रनची वेगळी यादी आहे, ती चुकवू नका. प्रत्येक फटका मेजर लीगच्या तीसपैकी किती मैदानांत बाहेर गेला असता, हे ती सांगते. तिसांत तीस म्हणजे वादच नाही. सातपर्यंत म्हणजे नशिबाचा. यादीवरचं ‘ॲडजस्टेड’ बटण दाबल्यावर हवामान आणि उंचीचाही हिशेब धरला जातो. सिॲटलच्या बाबतीत हे महत्त्वाचं. तिथल्या गार, जड हवेत चेंडू दूर जात नाही, आणि कोणतं मैदान फलंदाजांना किती साथ देतं हे सांगणाऱ्या याच साइटच्या मैदान-गुणांकाच्या यादीत (१०० म्हणजे सरासरी) ते मैदान तळाशी असतं. वरच्या टोकाला उंचावरचं डेन्व्हर.

पण साइटची खरी किंमत कळते ती कॅचरच्या प्लेटमागच्या (फलंदाज उभा राहतो त्या जागेमागच्या) कामात. छापील स्कोअरकार्डात हे काम जवळजवळ दिसतच नाही.

‘पॉप टाइम’ घ्या. धावपटू दुसरा बेस चोरायला, म्हणजे फटका नसताना पहिल्या बेसवरून पुढचा गाठायला पळाला, की चेंडू कॅचरच्या मिटमध्ये (हातमोज्यात) शिरल्या क्षणापासून तो दुसऱ्या बेसच्या मध्यावर पोहोचेपर्यंतचा वेळ म्हणजे पॉप टाइम. अंतर १२७ फुटांहून किंचित जास्त. सरासरी वेळ २.० सेकंद, १.९ म्हणजे अव्वल. कॅचर जे. टी. रिअलम्यूटो या यादीत वर्षानुवर्षं वरच्या ओळींत दिसतो. साइट या वेळेचे दोन भाग करून देते: मिटमधून चेंडू काढून हातातून सोडेपर्यंतचा, आणि फेकीचा वेग. एक दशांश सेकंद ऐकायला काहीच नाही. पण मेजर लीगमधला सरासरी धावपटू सेकंदाला २७ फूट पळतो, म्हणजे तेवढ्यात तो पावणेतीन फूट पुढे. सरपटत आलेला पाय बेसला लागला की नाही, हे तेवढ्यावरच ठरतं.

इथे एक चूक सर्रास होते. पॉप टाइम चांगला पण पकडलेले चोर कमी, हे पाहून लोक आकडा खोटा ठरवतात. पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) चेंडू सोडायलाच दीड सेकंद लावला तर कॅचर काय करणार? म्हणून त्याच पानावरची ‘सरासरीपेक्षा किती जास्त चोर पकडले’ ही पट्टी पाहावी. तिच्यात धावपटूचा वेग आणि त्याने आधीच घेतलेलं अंतर धरलेलं असतं. शिवाय २०२३ पासून बेस १५ ऐवजी १८ इंचांचे झाले आणि पिचरला धावपटू रोखायला मोजकीच संधी उरली. त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या टक्केवाऱ्या शेजारी मांडू नयेत.

‘फ्रेमिंग’ म्हणजे सीमारेषेवरचा चेंडू असा अलगद आत घेत झेलणं, की अंपायरने स्ट्राइक (तीन झाल्या की फलंदाज बाद) द्यावी. अशी प्रत्येक जादा स्ट्राइक साइटच्या हिशेबात ०.१२५ धावांची. ऐंशी स्ट्राइक मिळवल्या की दहा धावा, म्हणजे जवळपास एक विजय. २०२४ मध्ये रॉलीला अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचा) सर्वोत्तम क्षेत्ररक्षकासाठीचा प्लॅटिनम ग्लोव्ह मिळाला होता, हे होम रनच्या गदारोळात विसरलं गेलं. २०२५ च्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो न्यूयॉर्क यँकीजच्या ॲरन जजच्या मागे दुसरा आला. त्यावर वाद घालायचा असेल तर दोघांची पानं दोन टॅबमध्ये उघडा आणि ‘फील्डिंग रन व्हॅल्यू’पासून (क्षेत्ररक्षणाने किती धावा वाचवल्या) सुरुवात करा.

आता उणी बाजू. इथली मोजमापं २०१५ पासूनची. त्याआधीच्या काळातला कॅचर माइक पियाझाचं पान उघडलंत तर त्यातलं काहीच नाही. ४२७ होम रन, त्यातले ३९६ कॅचर म्हणून खेळताना, हा विक्रम. आणि चोर पकडण्याचं प्रमाण जेमतेम २३ टक्के. त्याच्या कारकिर्दीचा असा हिशेब ‘बेसबॉल रेफरन्स’ या दुसऱ्या साइटवर पाहावा लागतो. कॅचर म्हणून किती मारले आणि नुसता फलंदाज म्हणून किती, ही फोडही तिथल्या ‘स्प्लिट्स’ पानावर सोपी मिळते. ती लागतेच: पेरेझच्या त्या ४८ पैकी ३३ च कॅचर म्हणून खेळताना होते. कॅचर हावी लोपेझने मात्र २००३ मध्ये ४३ पैकी ४२ तसे मारले.

सॅव्हंटचं शोधपान ताकदवान आहे, पण धसमुसळं. एका वेळी २५,००० ओळीच उतरवता येतात. पूर्ण मोसमाचे सगळे चेंडू मागितले तर यादी मधेच तुटते आणि लक्षातही येत नाही. तारखांचे चार-पाच दिवसांचे तुकडे करून मागवा. मोबाइलवर तक्ते आडवे पसरतात, लॅपटॉपच बरा. वेग मैलांत, अंतर फुटांत. ९५ मैल म्हणजे १५३ किमी एवढं पाठ केलं की भागतं, कारण ‘हार्ड हिट’ची (जोरदार फटक्याची) सीमा तीच.

सिॲटलचा रात्रीचा सामना आपल्याकडे सकाळी सात-साडेसातला सुरू होतो. डबा भरताभरता बाजूला साइटचं ‘गेमफीड’ (चालू सामन्याचं पान) उघडं ठेवा: फटका बसल्यावर काही सेकंदांत वेग, कोन आणि ‘तीसपैकी किती मैदानं’ समोर येतं.