बोटाच्या ठशाने उघडणारा पिस्तुलाचा लॉकर, घेण्याआधी हे वाचा

घरात लायसन्सचं पिस्तूल आहे आणि लहान मुलंही आहेत म्हणून हा बायोमेट्रिक लॉकर घेतला, काही महिने वापरतोय. बांधणी दणकट आहे, पत्रा जाड आहे, झाकणाच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटून बघितलं तरी हललं नाही. खाली बोल्टसाठी भोकं आहेत, ते बोल्ट माराच, नाहीतर चोर अख्खा डबाच उचलून नेईल आणि मग लायसन्सची बंदूक कोणाच्या हातात गेली ते कळणार पण नाही.

पण एक गोष्ट अजिबात पटली नाही. बॅटऱ्या टाकल्या, अजून कोणाचाच ठसा रजिस्टर केला नव्हता, बायकोने सहज बोट टेकवलं तर झाकण फटकन उघडलं! म्हणजे कंपनीतून येतानाच तो कुठल्याही बोटाला उघडतो, पहिला ठसा नीट सेव्ह झाला की मगच बाकीच्यांना बंद होतो. आणि समजा सेव्ह झालाच नाही, तरी तुमच्या बोटाला तो उघडणारच, मग तुम्हाला वाटणार झालं काम! मॅन्युअलमध्ये हे मागच्या पानावर बारीक अक्षरात. 2023 मध्ये अमेरिकेत याच दोषामुळे एका कंपनीच्या सुमारे 61,000 सेफ परत मागवल्या होत्या, त्याआधी अशा सेफमधल्या बंदुकीने एका 12 वर्षांच्या मुलाचा जीव गेला होता. त्यामुळे सेटिंग झालं की डबा रिकामा असतानाच दुसऱ्या कोणाचं तरी बोट लावून बघा, बॅटरी बदलली की परत बघा.

गन कंट्रोल म्हटलं की सगळी चर्चा लायसन्स कोणाला द्यायचं यावरच होते, बंदूक घरी आल्यावर ती कुठे असते हे कोण विचारतं? ब्रिटनमध्ये बंदुकीचं सर्टिफिकेट, म्हणजे लायसन्सच, द्यायच्या आधी पोलीस घरी येऊन ती ठेवायचं कपाट तपासतात. ऑस्ट्रेलियात 1996 मध्ये पोर्ट आर्थर इथे झालेल्या सामूहिक गोळीबारानंतर नियम कडक केले, त्यात बंदूक कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात हे पण आलं. आणि हे फक्त चोरांसाठी किंवा मुलांसाठी नाही हो, अमेरिकेत बंदुकीने जे मृत्यू होतात त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. इस्रायलच्या सैन्याने 2006 मध्ये जवानांनी वीकेंडला घरी जाताना रायफल छावणीतच ठेवायची असं ठरवलं तर आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाल्या. तो क्षण टळला की माणूस वाचतो, म्हणून मधे कुलूप पाहिजेच, आणि ते कायद्यानेच बंधनकारक पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

बाकी ओल्या किंवा तेलकट बोटाला सेन्सर दाद देत नाही, पण त्याचं काही नाही. मी आता ठसा बंद करून नंबरवरच चालवतोय, गोळ्या दुसऱ्या डब्यात, चाव्या माझ्याजवळ. पत्र्याला पाचपैकी पाच, कुलपाला दोन. कंपनीला मेल केलाय की कोणाचाच ठसा नसेल तर डबा बंदच राहिला पाहिजे, अजून उत्तर नाही.