‘होगनसारखा स्विंग’ पॅकेज: चार सेशन, ४८० डॉलर, आणि माझा स्लाइस

आधीच सांगतो, मी काही मोठा गोल्फर नाही. हँडिकॅप २२ (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागतात), बॉल वळून उजवीकडे जातो, त्यालाच स्लाइस म्हणतात, आणि पुण्यात असेपर्यंत माझा गोल्फशी संबंध एवढाच की एअरपोर्टला जाताना येरवड्याचा कोर्स लागायचा. आता डॅलसच्या वर फ्रिस्कोला राहतो, इथे पोरं शाळेतनं आली की बॅट नाही गोल्फ बॅग काढतात, त्यामुळे मलाही चाळिशीत नाद लागला.

तर इथे एका स्ट्रिप मॉलमध्ये इनडोअर स्टुडिओ आहे, नाव घेत नाही कारण पुढे अर्धी तक्रार आहे. त्यांचं पॅकेज असं की तुम्ही एखादा जुना दिग्गज निवडायचा, तुमच्या स्विंगचा व्हिडिओ त्याच्या व्हिडिओशेजारी लावणार, आणि कोच त्यातून तुम्हाला शिकवणार. पन्नास मिनिटांची चार सेशन. मी बेन होगन निवडला. या भागात दुसरं कोण निवडणार, फोर्टवर्थ इथून तासाभरावर आहे, तिथल्या कलोनियल क्लबवर तो पाच वेळा जिंकला, त्या कोर्सला लोक होगन्स अ‍ॅलीच म्हणतात.

बायकोने विचारलं, “कोण हा होगन?” तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो. १९१२ चा जन्म, टेक्सासमधल्या डब्लिन नावाच्या गावात वाढला, वडील लोहार, त्यांनी होगन नऊ वर्षांचा असताना आत्महत्या केली. घर फोर्टवर्थला आलं होतं, तिथे हा पोरगा ग्लेन गार्डन क्लबवर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा उचलणारा झाला, तिथेच बायरन नेल्सनही कॅडी होता, म्हणजे एका क्लबच्या कॅडींमधून दोन महान खेळाडू निघाले. १९३० ला प्रो झाला पण नंतर कितीतरी वर्षं खिशात पैसे नाहीत, कारण बॉल हुक व्हायचा. हुक म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल डावीकडे झपकन वळतो तो. एकट्याने पहिली स्पर्धा जिंकायला १९४० उजाडलं. मग १९४९ च्या फेब्रुवारीत धुक्यात ग्रेहाउंड बसने त्याच्या गाडीला समोरून उडवलं, बायकोला वाचवायला तो तिच्यावर आडवा पडला, कंबरेचं हाड, घोटा, कॉलरबोन सगळं मोडलं. सोळा महिन्यांनी मेरियनच्या कोर्सवर यूएस ओपन जिंकला, पायांना पट्ट्या बांधून. १९५३ ला मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन, तिन्ही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात. बायको म्हणाली, “ठीक आहे, पण तुझा बॉल तर उजवीकडे जातो ना?” तेव्हा मी हसलो. नंतर कळलं की अख्ख्या पॅकेजची गोम तिने एका वाक्यात सांगितली होती.

पहिलं सेशन. मोठी स्क्रीन, डावीकडे मी, उजवीकडे होगन, दोघांवर पिवळ्या रेघा. दिसायला भारी, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला तर एकदमच भारी. पण जरा विचार करा, डाउनस्विंगला, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) वरून बॉलपर्यंत यायला, पाव सेकंद लागतो, जुनी फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, म्हणजे होगनच्या अख्ख्या डाउनस्विंगचे साधारण सहा फोटो, आणि माझे २४० फ्रेमच्या कॅमेऱ्यात साठ. त्याचा क्लब एका फ्रेममध्ये कमरेशी आणि पुढच्या फ्रेममध्ये बॉलच्या पार पुढे, मधलं सगळं अंदाजाने. त्यात कॅमेरा कुठे उभा होता ते महत्त्वाचं. दोन पावलं डावी-उजवीकडे सरकला तरी स्विंगच्या प्लेनची, म्हणजे क्लब ज्या तिरक्या पातळीत फिरतो तिची, रेघ बदलते. माझ्यासाठी कॅमेरा हातांच्या बरोबर रेषेत आणि त्याचा कुठल्यातरी प्रेक्षकांच्या दोरीमागून, आणि मग सॉफ्टवेअर म्हणतं तुमचा प्लेन होगनपेक्षा अमुक डिग्री उभा आहे. अरे कशावरून?

आणि कुठला होगन हाही प्रश्न आहेच. अपघाताआधीचा होगन लांब, सैल, बॅकस्विंगमध्ये (क्लब वर नेताना) क्लब मागे लोंबायचा. नंतरचा आखूड, बांधीव. कोचने दोन्ही काळातल्या क्लिपा एकाच फोल्डरमध्ये ठेवलेल्या. मी विचारलं तर म्हणाला होगन इज होगन. बरं बाबा.

या सेशनमधली एकच गोष्ट कामाची होती, पाय. होगन उजवा पाय लक्ष्याच्या रेषेला काटकोनात ठेवायचा आणि डावा साधारण पाव काटकोन बाहेर. उजवा सरळ असला की बॅकस्विंगमध्ये कंबर गरजेपेक्षा जास्त फिरत नाही, डावा उघडा असला की खाली येताना कंबर मोकळी सुटते. घरी लादीच्या रेघेवर उभं राहून करून बघा, लगेच जाणवतं.

दुसरं सेशन. इथे माझे पैसे बुडाले.

होगनचं एक प्रसिद्ध रहस्य आहे. १९५५ ला लाइफ मासिकात त्याने स्वतःच ते सांगितलं. डाव्या हाताची पकड थोडी डावीकडे सरकवायची, अंगठा शाफ्टच्या (क्लबच्या दांड्याच्या) जवळजवळ माथ्यावर, आणि बॅकस्विंगच्या वर पोचलं की डावं मनगट पाठीकडे मोडायचं, म्हणजे घड्याळाचा पट्टा आणि पंजाची पाठ यांच्यामध्ये खळगा पडला पाहिजे. तसं केलं की क्लबफेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, उघडतो, उजवीकडे बघतो. मग खाली येताना कितीही जोरात कंबर फिरवा, कितीही जोरात उजवा हात मारा, फेस वेळेआधी बंद होत नाही आणि हुक मरतो. त्याच्यासाठी हे सोनं होतं, कारण त्याची कंबर भयंकर वेगात फिरायची आणि क्लब मागून आतून यायचा, त्या वेगाला फेस जरा बंद असला तरी बॉल डावीकडच्या झाडीत.

पण माझा आजार उलटा आहे ना! मी बाहेरून आत मारतो, म्हणजे क्लब बॉलच्या पलीकडून डावीकडे ओढत आणतो, फेस त्या मानाने उघडा राहतो, म्हणून स्लाइस. आणि कोचने मला तेच औषध दिलं. पकड सरकवली, मनगट मोडायला लावलं. अ‍ॅसिडिटीवाल्याला मिसळ खायला घालावी तसं. लॉन्च मॉनिटरचे (क्लब आणि बॉलची दिशा मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे मी फोनमध्ये लिहून ठेवलेत, आधी माझा क्लब ६ डिग्री डावीकडे जाणारा आणि फेस लक्ष्याच्या १ डिग्री डावीकडे, म्हणजे बॉल जरासा डावीकडे निघून उजवीकडे वळायचा, फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला तरी सापडायचा. त्या दिवशीच्या शेवटी क्लबची दिशा ५ डावीकडे आणि फेस ५ उजवीकडे. बॉल निघतानाच उजवीकडे आणि वरून आणखी उजवीकडे वळणार. सिम्युलेटरमध्ये तो पडद्याच्या कडेवरून गायब व्हायचा, शेजारच्या बे मधल्या काकांनी विचारलं सुद्धा की नेम त्यांच्यावर धरलाय का.

मला वाटतं हा सगळ्या होगन-भक्तांचा घोटाळा आहे. त्याचा स्विंग म्हणजे त्याच्या एका आजारावरचं चाळीसच्या दशकात स्वतः शोधलेलं औषध, आणि हौशी लोकांमध्ये बहुतेकांना तो आजारच नाही. त्याच्या १९५७ च्या पुस्तकातली ती काचेची कल्पना घ्या, खांद्यांवरून बॉलपर्यंत तिरकी काच ठेवलीय आणि बॅकस्विंगमध्ये हात तिच्या खाली राहायला हवेत. चित्र झकास आहे, त्याने मन साफ होतं. पण त्याच पानांमधली पकड जशीच्या तशी उचलली तर स्लाइसवाला मेला. हे पहिल्या दिवशी सांगायचं काम कोचचं होतं, त्यासाठी तर पैसे देतो आपण.

तिसऱ्या सेशनला तो कोच सुट्टीवर होता. दुसरी कोच आली, वयाने मोठी, तिने स्क्रीन बंदच केली. पाच बॉल मारून घेतले, डाव्या हाताची पकड परत उजवीकडे फिरवली, वरून बघितलं तर दोन-तीन बोटांची मुळं दिसतील एवढी, आणि म्हणाली मनगट विसर, आपण होगनकडून फक्त कंबर घेऊ.

होगनच्या फिल्म नीट बघितल्या (१९६४ ला ह्यूस्टनमध्ये सॅम स्नीडबरोबर टीव्हीसाठी खेळला ती जरूर बघा, पन्नाशी ओलांडलेला माणूस, एकही फेअरवे चुकला नाही, एकही ग्रीन (भोकाभोवतीची हिरवळ) चुकलं नाही, एकूण फटके ६९) तर हात अजून वर जातायत तेवढ्यात कंबर डावीकडे सुटलेली असते. खालून सुरुवात. मग उजवा कोपर पोटाशी येतो, क्लब मागे राहतो, आणि सगळ्यात शेवटी हात सुटतात. माझं उलटं, खांदा आधी. तिने विचारलं क्रिकेट खेळायचास का, मी म्हणलं इंडियन आहे मॅडम. मग हसली. टेनिस बॉल क्रिकेटमधला तो बॉटम हँड, मिडविकेटवरून उचलायची सवय, ती उजव्या खांद्याला पुढे ढकलते आणि क्लब बाहेरून येतो. गंमत म्हणजे होगनला उजव्या हाताचं वावडं नव्हतं, त्याने लिहिलंय की ताकदीसाठी तीन उजवे हात असते तर बरं झालं असतं. फक्त कंबर आधी गेलेली असली पाहिजे, मग हवा तेवढा मारा.

ड्रिल साधं होतं. सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब), अर्धा स्विंग, वर गेल्यावर क्षणभर थांबायचं, डाव्या खिशाची शिलाई मागे न्यायची, मग हात. वीस मिनिटं तेवढंच, मध्ये एकदा पाणी प्यायला थांबलो फक्त. शेवटच्या दहा बॉलमध्ये क्लबची दिशा २ डावीकडे, फेस जवळपास शून्य. बॉल अजूनही किंचित उजवीकडे वळतो पण आता त्याला मी फेड (मुद्दाम थोडा उजवीकडे वळवलेला फटका) म्हणतो आणि मित्रांना तसंच सांगितलंय.

चौथं सेशन परत पहिल्या कोचबरोबर. पंधरा मिनिटं व्हिडिओ, मग सिम्युलेटरवर मजा, मग नवीन शाफ्टचं सेल्स पिच, होगन अतिशय कडक शाफ्ट वापरायचा म्हणून मीही घ्यावा असं. माझ्या ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबचा) स्पीड ताशी ८८ मैल, त्याला एवढा कडक शाफ्ट कशाला. नको म्हणलं.

कामाच्या गोष्टी: पार्किंग भरपूर, वीकडेला सकाळी अकराच्या आत गर्दी नाही, मॅट बऱ्या आहेत पण कोपर दुखणाऱ्यांनी जपून. व्हिडिओ ईमेलवर येतात, आकडे येत नाहीत, स्वतः लिहून घ्या. कॉफी फुकट आहे, पिऊ नका.

हुक होणाऱ्यांनी डोळे मिटून हे पॅकेज घ्या, पहिला कोच तुमच्यासाठीच आहे. स्लाइसवाल्यांनी पॅकेज न घेता त्या दुसऱ्या कोचची सुटी सेशन बुक करावीत, १३५ डॉलरला एक पडतं, महाग आहे पण वसूल. आणि पैसे खर्च करायचेच नसतील तर एखाद्या शनिवारी गाडी काढून डब्लिनला जा, फोर्टवर्थपासून दीडेक तास, तिथे होगनचं छोटंसं म्युझियम आहे, जायच्या आधी उघडं आहे का ते बघा.

मी तिची दोन सेशन पुढच्या महिन्यात घेतलीत. बुकिंग फॉर्मवर ‘काही विशेष सूचना’ असा रकाना होता, त्यात लिहिलंय, मनगटाला हात लावू नये.