रोड व्हिडिओमाइक प्रो: हिस घालवतं ते मागचं +२० चं बटण

कॅमेऱ्यात घेतलेल्या बोलण्यामागे सतत सूंऽऽ असा आवाज, म्हणजेच हिस, येतो, म्हणून माइक बदलायला निघालेल्यांपुढे रोड कंपनीच्या व्हिडिओमाइक प्रो या कॅमेऱ्यावर बसवायच्या माइकचं नाव हटकून येतं. माइक चांगलाच आहे. पण तो कोणता हिस घालवतो आणि कोणत्या आवाजापुढे त्याचं काही चालत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. नाहीतर नवा माइक लावूनही सूं तशीच राहते आणि खापर माइकवर फुटतं.

कॅनन ७००डी किंवा त्याच पिढीतला कुठलाही डीएसएलआर घ्या. माइककडून येणारा सिग्नल अगदी बारीक असतो आणि तो मोठा करणारा कॅमेऱ्यातला प्रीॲम्प बेताचा असतो. गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, जितका वाढवाल तितका प्रीॲम्पचा स्वतःचा आवाजही वाढतो. त्यात रेकॉर्डिंग लेव्हल ऑटोवर असेल तर बघायलाच नको. झालेलं रेकॉर्डिंग हेडफोन लावून नीट ऐका: वाक्य संपतं, क्षणभर शांत, मग पाणी भरत यावं तसा हिस चढत जातो आणि पुढचा शब्द आला की झटकन खाली बसतो. अशी चढउतार ऐकू आली तर माइक निर्दोष आहे. शांतता दिसली की ऑटो गेन वर ढकलतो, त्याचा हा परिणाम.

म्हणून खरेदीआधी दहा मिनिटांची तपासणी कराच. लेव्हल मॅन्युअलवर घ्या. साधा ३.५ मिमीचा स्टिरिओ जॅक आणि २२० ओहमचे दोन रेझिस्टर आणा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतात. एक रेझिस्टर टोक आणि बुडाच्या मध्ये, दुसरा मधली रिंग आणि बुडाच्या मध्ये डाखून टाका. हा मुका जॅक माइकच्या जागी खोचला की कॅमेऱ्याच्या आतले माइक बंद होतात आणि बाहेरचं काहीच आत जात नाही. आता लेव्हल पाव, निम्मी आणि पूर्ण ठेवून प्रत्येकी दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि फाइल कॉम्प्युटरवर ऐका. इथेही सूं येत असेल तर ती शंभर टक्के कॅमेऱ्याची. मुक्या जॅकने सगळं शांत, पण माइक लावला की आवाज, तर दोष माइकचा, वायरचा किंवा खोलीचा.

कॅमेऱ्याचा हिस निघाला, तर मात्र हा माइक नेमकं औषध आहे. मागच्या बाजूला लेव्हलच्या तीन जागा आहेत: -१०, ० आणि +२० डीबी (डेसिबल). +२० वर माइक स्वतःच सिग्नलचं व्होल्टेज दहापट करून पाठवतो, आणि ते काम करणारं त्याचं सर्किट कॅमेऱ्यातल्यापेक्षा कितीतरी शांत आहे. तेवढाच गेन कॅमेऱ्यात कमी करता येतो आणि प्रीॲम्पचा हिस त्याबरोबर खाली जातो. हे दुसरं पाऊल लोक विसरतात. बटण +२० वर सरकवतात, पण कॅमेरा ऑटोवरच राहतो किंवा लेव्हल होती तिथेच राहते. मग एक तर आवाज फाटतो, नाहीतर काहीच फरक जाणवत नाही.

कॅननवर लेव्हल आधी शून्यावर आणा, मग एकेक घर वाढवत जा. जोरात बोललेले शब्द कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या आवाजाच्या मीटरवर -१२ डीबीला अधूनमधून टेकले की थांबा; बहुतेक वेळा तळापासून थोडीच घरं पुरतात. सोनी ए६४०० मध्ये लेव्हलची पट्टी ० ते ३१ अशी आहे आणि मुळात २६ वर असते. ती बरीच खाली आणावी लागते. बोलणं -१२ ला पोचत असताना मधली शांतता -६० च्या खाली राहिली, तर ऐकणाऱ्याला हिस टोचत नाही.

+२० नेहमीच वापरायचं नाही. माणूस तोंडाजवळ माइक घेऊन जोरात बोलत असेल तर सिग्नल कॅमेऱ्याच्या तोंडाशीच फाटतो. नंतर लेव्हल कितीही खाली घेतली तरी मीटर ठीक दिसतं आणि आवाज मात्र चिरकाच राहतो. तेव्हा ० वर या. समोर ढोल-ताशा पथक असेल तर सरळ -१०.

आता मर्यादा. शेजारीच ८० हर्ट्झचं हाय-पास फिल्टर आहे आणि हिस जाईल या आशेने पुष्कळजण ते लावतात. हिस असतो वरच्या पट्टीत. हे फिल्टर खालची घरघर कापतं, बसच्या इंजिनाची, एसीची. त्या कामाला ते छान आहे, हिसला उपयोग शून्य. पंख्याचा वारा आणि फ्रिजचा आवाजही +२० मुळे जात नाहीत, कारण ते बोलण्याबरोबरच दहापट होतात. तिथे उपाय एकच, माइक जवळ न्या. अंतर निम्मं केलं की बोलणं सुमारे ६ डीबीने वाढतं आणि खोलीचा आवाज जवळपास तेवढाच राहतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून दोन मीटरवरून बोलणं टिपायचं, हा या माइकचा सगळ्यात वाईट वापर. एक्स्टेंशन वायर घ्या आणि माइक फ्रेमच्या जरा बाहेर, तोंडापासून हातभर अंतरावर आणा. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही बटणाने पडत नाही.

सूं ऐवजी जाड गुणगुण येत असेल तर ती ५० हर्ट्झची: चार्जर किंवा अडॅप्टर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. टर्रर-टर्रर असे तुटक झटके येत असतील तर वायरजवळचा मोबाइल फ्लाइट मोडवर टाका.

याच कंपनीचा व्हिडिओमायक्रो छोटा आणि स्वस्त आहे, पण तो कॅमेऱ्याच्याच विजेवर चालतो आणि त्याला +२० ची सोय नाही. प्रीॲम्प शांत असलेल्या नव्या कॅमेऱ्यावर तो पुरतो. जुन्या डीएसएलआरच्या हिसवर नाही. बजेट असेल तर व्हिडिओमाइक प्रो प्लस बघा. लेव्हलच्या तीन जागा त्याच, शिवाय कॅमेरा बंद झाला की तो आपोआप बंद होतो.

साध्या प्रोमध्ये ती सोय नाही. ९ व्होल्टची एक अल्कलाइन बॅटरी सुमारे ७० तास चालते, पण बटण चालू राहिलं तर बॅगेतच संपते. माइक बंद असला तर बोलणं कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही. कॅमेरा ऑटोवर असेल तर अशा रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत निव्वळ हिस भरलेला असतो आणि माइक बिघडला असं वाटतं. आधी हिरवा दिवा बघा. सेकंडहँड घेताना रेकॉर्डिंग चालू ठेवून वायर जॅकपाशी हलक्या हाताने वाकवा. वायर माइकलाच जोडलेली आहे; तिथे खरखर आली तर नुसती वायर बदलून भागत नाही, माइक उघडावा लागतो.