गाडी थरथरते, खाली ऑइल गळतं : वर्कशॉप की गॅरेज?

पंधरा वर्षं उलटलेल्या पेट्रोल गाडीच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. नाशिकच्या मायको सर्कलच्या सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग थरथरायला लागतं, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये फरशीवर काळा डाग पडतो. पेठ रोडच्या आरटीओतून फिटनेस करून आणखी पाच वर्षं गाडी चालवायची असेल, तर या दोन्हींचा एकदा निकाल लावावा लागतो. मग प्रश्न येतो, कंपनीच्या वर्कशॉपला टाकायची की सातपूर-अंबडकडच्या एखाद्या गॅरेजला? मी दोन्हीकडे जाऊन आलोय.

वर्कशॉपचं जे चांगलं आहे ते आधी सांगतो. पार्ट खात्रीचे मिळतात, पक्कं बिल मिळतं, स्कॅनर असतो. पण जुन्या गाडीत स्कॅनर अर्ध्या वाटेपर्यंतच नेतो. स्कॅनरवर पी०३०० हा बिघाडाचा कोड आला म्हणजे इंजिन मिसिंग मारतंय, मधूनमधून सिलिंडर पेटत नाही. ते आपल्याला सीटवर बसूनही कळलेलं असतं. पी०१७१ आला म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. ती कुठल्या पाइपातून, कुठल्या पॅकिंगमधून, ते मशीन सांगत नाही. ते शेवटी हातानेच शोधावं लागतं.

आणि हा हात कुणाचा, इथेच माझं वर्कशॉपशी बिनसलं. आपली तक्रार ऐकतो काउंटरवरचा सर्व्हिस अॅडव्हायझर. बॉनेट उघडतो आतला मेकॅनिक. दोघांच्या मधे एक जॉब कार्ड. माझी तक्रार अशी होती की सकाळी थंड इंजिन चालू केलं की पहिली काही मिनिटं ते लंगडतं, एसी लावला तर बंद पडायच्या बेताला येतं, आणि एकदा गरम झालं की शहाण्यासारखं चालतं. थंडीच्या दिवसांत तर हमखास. हे सगळं मी सांगितलं. कार्डावर उतरलं, ‘इंजिन व्हायब्रेशन, ऑइल लीकेज, चेक’. थंड असताना, एसी लावल्यावर, हे शब्द गाळले गेले, आणि निदानाची सगळी किल्ली त्याच शब्दांत होती. शिवाय घरून वर्कशॉपला पोहोचेपर्यंत इंजिन तापलेलं. दवाखान्याची पायरी चढली की दाढ दुखायची थांबते, तसंच. मी काचेपलीकडच्या वेटिंग रूममध्ये चहा पीत बसलो. आत जायची परवानगी नव्हती. संध्याकाळी उत्तर आलं : व्हायब्रेशन आढळलं नाही, थ्रॉटल बॉडी साफ केली, ऑइलसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं मागचं सील बदलावं लागेल. सील स्वस्तच असतं, पैसे जातात ते गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीत.

कुणी मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. रचनाच अशी आहे की ज्याने ऐकायला हवं त्याच्यापर्यंत बोलणं पोहोचत नाही.

सातपूरच्या मिस्तरींनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “साहेब, गाडी रात्री इथंच राहू द्या. सकाळी गार असताना बघू.” सकाळी त्यांनी चालू इंजिनवर प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. प्रत्येक वेळी आरपीएम खाली आला, म्हणजे चारही सिलिंडर काम करत होते. (कॉइल थेट प्लगवर बसणाऱ्या इंजिनात हे करू देऊ नका, तिथे इंजेक्टरचं कनेक्टर काढून बघतात.) मग टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) मॅनिफोल्डकडे (सिलिंडरना हवा पुरवणारा भाग) जाणारा पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या वाफा ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, रबरी पाइप मॅनिफोल्डजवळ पक्कडीने दाबला. थरथर थांबली. पाइप काढून पाहिला तर वळणाच्या खालच्या बाजूला, वरून दिसणारच नाही अशा जागी, रबर कडक होऊन चिरलं होतं. तिथून फुकटची हवा आत जात होती. इंजिन तापलं की ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून ती भरून काढतो, म्हणून गरम गाडीत दुखणं लपतं. पीसीव्ही व्हॉल्व्ह त्यांनी कानाशी धरून हलवला. चांगला असेल तर तो खुळखुळतो. हा काजळीने चोंदून गच्च बसला होता.

ऑइलचं मूळही बरंचसं इथेच होतं. हा व्हॉल्व्ह चोंदला की क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या, वाफांना वाट राहत नाही, दाब वाढतो आणि जे पॅकिंग सगळ्यात म्हातारं त्यातून ऑइल बाहेर येतं. मिस्तरींनी इंजिन डिझेलने धुऊन मला एक चक्कर मारून यायला सांगितलं, आणि आल्यावर बॅटरीच्या उजेडात ओल वरून खाली शोधत आले. टॅपेट कव्हरच्या गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून बारीक ओघळ निघून थेट गिअरबॉक्सच्या जोडावर उतरत होता. खालून पाहणाऱ्याला ते मागचं सीलच वाटणार. पाइप, व्हॉल्व्ह आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग एवढ्यावर भागलं. गिअरबॉक्स जागचा हलला नाही.

गॅरेजमध्ये सगळं आलबेल असतं असं नाही. दिलेली वेळ पाळली जात नाही, बिल कच्च्या कागदावर मिळतं. आणि पॅकिंगऐवजी सिलिकॉन थापायची काहींना भारी हौस. जास्तीचं सिलिकॉन आत तुटून पडतं आणि इंजिनाच्या तळच्या चेंबरमधल्या ऑइलच्या जाळीत अडकू शकतं, तेव्हा पॅकिंग आपणच अस्सल विकत घेऊन द्यावं हे उत्तम. मिस्तरीही पारखून घ्यावा लागतो. बॉनेट उघडायच्या आधीच ‘इंजिन काम निघणार’ म्हणणारा असेल तर तिथून निघावं.

तुमची गाडी एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ असेल किंवा वॉरंटीत असेल, तर मी वर्कशॉपच म्हणेन; त्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी त्यांचा स्कॅनरच लागतो. निळा धूर येत असेल, ऑइल गळण्यापेक्षा जळत असेल, तर कुठेही गेलात तरी आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या, तो खर्च वाचवू नका. पण २००५-०८ च्या आसपासची साधी पेट्रोल गाडी आणि कधी येणारी, कधी न येणारी थरथर असेल, तर माझं पारडं गॅरेजकडे झुकतं. गाडी आदल्या रात्री नेऊन लावा आणि सकाळी पहिली चावी फिरवताना मिस्तरींच्या शेजारी उभे राहा. वर्कशॉपवाले एवढं करू देत असतील, तर तिथेही माझी हरकत नाही.