१७ वर्षं जुनी बॉक्स्टर, नवी मुंबईचे दोन पावसाळे आणि २२ महिन्यांचा हिशोब

गाडी घेतली तेव्हा मी सगळ्यात जास्त खूश होतो ते मीटरच्या आकड्यावर. १६ वर्षांची गाडी आणि फक्त ३८ हजार किलोमीटर. विकणारे काकापण तेच परत परत सांगत होते, वर्षाला दोन-अडीच हजारच चालायची, बाकी वेळ कव्हरखाली. आज २२ महिने आणि साडेअकरा हजार किलोमीटर झाल्यावर सांगतो, माझा जो काही खर्च झाला त्यातला बराचसा त्या कव्हरखालच्या वर्षांचा आहे. चालून चालून झिजलं असं फार थोडं निघालं.

गाडी पोर्शे बॉक्स्टर, ९८७ जनरेशन, २.७ लिटर, टिपट्रॉनिक ऑटोमॅटिक, २००८ चं रजिस्ट्रेशन, जानेवारी २०२४ मध्ये घेतली. २४५ हॉर्सपॉवर. सहा सिलिंडर आडवे झोपवलेले, तीन या बाजूला तीन त्या बाजूला, आणि अख्खं इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे. त्यामुळे पुढचं बोनेट उघडलं तर सामानाची जागा, मागची डिकी उघडली तरी सामानाची जागा, तिथे फक्त ऑइल आणि कूलंट भरायची दोन झाकणं. इंजिन डोळ्याने बघायचं तर गाडी लिफ्टवर घ्या नाहीतर छताच्या खालचे पॅनल खोला. म्हणून या गाडीला नाक आणि कान लावून राहावं लागतं. वास आला, आवाज बदलला, तर लगेच बघायचं.

आमचे गॅरेजवाले मामा तुर्भे एमआयडीसीत एका शेडमध्ये काम करतात, मूळचे सांगलीकडचे. पहिल्यांदा गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च मारत दहा मिनिटं खाली फिरले आणि म्हणाले, "साहेब, गाडी बिघडलेली न्हाई, बसून बसून आखडलीया. चालवत ऱ्हावा." तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. रबर, प्लास्टिक, सील, होस यांना किलोमीटर कळत नाहीत, त्यांना वर्षं कळतात. त्यात आपली हवा. मी नेरुळला राहतो, पलीकडे खाडी, तिवरं, खारा दमट वारा, वरून रस्त्यांची धूळ. उभ्या गाडीचे कनेक्टर हिरवे पडायला इथे वेळ लागत नाही.

पहिला धडा पुढच्या बंपरमध्ये मिळाला. या गाडीचे रेडिएटर पुढे बंपरच्या दोन कोपऱ्यांत आहेत, त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर, आणि बंपरचं तोंड उघडं, जाळी नाही. मार्चमध्ये सायन-पनवेल हायवेवर मानखुर्दच्या ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागेवरून सरकायला लागला. बंपर काढला तर दोन्ही बाजूंना कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे सुकी पानं, धूळ, वेफरचं पाकीट, सगळं दाबून दाबून गोधडीसारखं घट्ट झालेलं. आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे फॅनचा लो स्पीड चालतच नव्हता. फॅनला दोन स्पीड असतात, हळू स्पीडचा करंट एका रेझिस्टरमधून जातो, तो गंजून तुटला की फॅन थेट इंजिन जास्त तापल्यावर हाय स्पीडलाच सुरू होतो, तोपर्यंत शांत. रेझिस्टर तसा स्वस्तातला पार्ट, पण दोन्ही कंडेन्सर गंजून पाझरत होते, ते धरून ७१ हजार गेले. कोणी अशी गाडी बघायला जाणार असेल तर इंजिन चालू करून एसी लावा आणि पुढे जाऊन दोन्ही कोपऱ्यांशी कान लावा. दोन्ही फॅन फिरले पाहिजेत. एक मिनिटाचं काम आहे, मी केलं नव्हतं. आता मी बंपरच्या आतून बारीक जाळी बसवून घेतलीय आणि दर पावसाळ्याआधी बंपर काढून साफ करतो.

मग जुलै. वाशीहून नेरुळकडे पाम बीचवरून येताना धो धो पाऊस, आणि गाडी अचानक थरथरायला लागली, चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नाही तर लुकलुकत होता. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) जोरात चालू आहे, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होऊ शकतो, म्हणून बाजूला घेऊन बंदच केली आणि फ्लॅटबेड बोलावली. आधी एका मोठ्या वर्कशॉपला नेली, नाव घेत नाही, तिथे दोन दिवस ठेवून मला इंजेक्टर, वायरिंग, इंजिन खाली उतरवून बघावं लागेल असं सांगून साडेतीन लाखांपासून पुढचं एस्टिमेट दिलं. रात्रभर झोप नाही. मग तिथून उचलून तुर्भ्याला आणली. मामांनी स्कॅनर लावला, पी ०३०४, म्हणजे चार नंबरच्या सिलिंडरला मिसफायर. तोवर गाडी सुकून ठीक चालायला लागली होती. मामांनी मागचं चाक काढलं, शेडचं शटर अर्धं ओढून अंधार केला, झाडांवर पाणी मारायची फवारणीची बाटली घेतली आणि चालू इंजिनच्या कॉइलवर, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागावर, फवारा मारला. एक सेकंद काही नाही, मग निळी बारीक ठिणगी कॉइलच्या अंगावरून सरकताना मी माझ्या डोळ्यांनी बघितली, आणि इंजिन लगेच थरथरलं. कॉइल काढून हातात दिली तर प्लास्टिकवर केसासारखी चीर, नख फिरवलं तरच लागत होती. या इंजिनच्या कॉइल खाली मागच्या चाकांजवळ आहेत, सगळं पाणी तिथेच उडतं, वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन प्लास्टिक तडकतं. एक गेली म्हणजे बाकीच्या पाचांचं वयही तेच, म्हणून सहाही कॉइल आणि सहाही प्लग बदलले, मजुरीसकट ५८ हजार. साडेतीन लाख कुठे आणि हे कुठे. त्या दिवसापासून एक नियम केलाय, कोणी कितीही मोठा असो, बिघाड माझ्यासमोर परत करून दाखवल्याशिवाय पार्ट बदलायला हो म्हणायचं नाही.

छताबद्दल वेगळं लिहितो, कारण पावसाच्या गावात सॉफ्ट टॉप घेणाऱ्याने हे वाचायलाच पाहिजे. एक दिवस गाडीत कुबट वास आला, सीटमागचं कार्पेट दाबलं तर बोटाभोवती पाणी साचलं. सगळे म्हणाले कापड गेलं, छत बदला. कापड एकदम चांगलं होतं. छत जिथे मागे दुमडून बसतं तिथे दोन्ही कोपऱ्यांत पाणी खाली जायला ड्रेन असतो, तो बुजला की पाणी आत येतं. छत अर्धं उघडून थांबवलं, हात घातला तर चहाच्या चोथ्यासारखा काळा चिखल. आमच्या सोसायटीत पार्किंगवर गुलमोहर आहे, त्याची ती बारीक बारीक पानं बरोबर त्या भोकात जाऊन बसतात. माळ्याकडून गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घेतली, हळूहळू घालत फिरवत तासभर काम केलं, मग अर्धा मग पाणी ओतलं आणि मागच्या चाकाजवळ जमिनीवर पडल्याचा आवाज आला. एवढंच. कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका, आतली नळी जोडापासून सुटली तर मग पाणी कुठेही जातं. आता जून ते ऑक्टोबर दर रविवारी अर्धा मग पाणी ओतून बघतो. दुसऱ्या पावसाळ्यात कार्पेट कोरडं राहिलं.

बॅटरीचं पण सांगून ठेवतो. ऑगस्टमध्ये गावाला तीन आठवडे गेलो, आल्यावर गाडी मेलेली. बॅटरी पुढच्या बोनेटखाली आणि बोनेटचं लॉक विजेवर चालणारं, म्हणजे बॅटरीपर्यंत जायला बॅटरीच पाहिजे. उपाय गाडीतच दिलेला आहे, पाय ठेवायच्या जागेजवळच्या फ्यूज बॉक्समधून एक टर्मिनल बाहेर ओढता येतं, त्याला जंप केबलचा प्लस आणि दरवाजाच्या कुलपाच्या धातूच्या कडीला मायनस लावला की बोनेट उघडतं. मॅन्युअलमध्ये आहे, आधी वाचून ठेवा. नवीन बॅटरी १४ हजार आणि सोबत एक मेंटेनर चार्जर, उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा, घेतला.

सगळ्यात मोठं बिल कूलंटचं, ९६ हजार. डिकीत गोडसर वास येत होता, मागची अस्तर-पट्टी उचलली तर एक्स्पान्शन टँकच्या, म्हणजे कूलंटच्या टाकीच्या, जोडाला गुलाबी सुकलेले ओघळ. टँक प्लास्टिकचा, वयाने तडकतो. मामा म्हणाले, टँक काढायला एवढं उघडतोच आहे तर वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि होसपण करून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी परत तेवढीच मजुरी. पटलं, केलं. पंपाचा पंखा हाताला हलत होता, म्हणजे वेळेवरच झालं. कूलंट भरताना व्हॅक्यूमने भरणारा माणूस शोधा, कारण इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मधे गाडीच्या पोटाखालून अख्ख्या लांबीचे पाइप, हवा अडकली तर इंजिन तापतं.

आता ज्याबद्दल सगळे पहिलं विचारतात ते आयएमएस बेअरिंग, म्हणजे इंजिनच्या आतल्या मधल्या (इंटरमीडिएट) शाफ्टचं बेअरिंग, ते तुटलं तर अख्खं इंजिन जाऊ शकतं. २००६ ते २००८ च्या इंजिनांत हे बेअरिंग आधीपेक्षा मोठं आहे, पण इंजिन पूर्ण फोडल्याशिवाय बदलता येत नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात ती मधली शाफ्टच नाही. त्यामुळे माझ्या गाडीत करण्यासारखं एवढंच की ऑइल लवकर बदलायचं आणि फिल्टर वाचायचा. दर सर्व्हिसला मामा फिल्टरचा कागद कापून पंख्यासारखा उलगडतात, आम्ही दोघं उन्हात धरून बघतो, चमक आहे का, चुंबकाला काही चिकटतं का. दोन्ही वेळा स्वच्छ. साडेसात-आठ लिटर ऑइल लागतं, 0डब्ल्यू ४० सिंथेटिक, मी किलोमीटर न बघता वर्षाला बदलतो.

टायरचं थोडक्यात. घेताना चारही टायरची नक्षी भरपूर होती, पण अंगावरचा चार आकडी कोड बघितला तर शेवटचे दोन आकडे १४, म्हणजे २०१४ चे. दगड झाले होते. चारही बदलले, १ लाख १२ हजार, आणि गाडीचा आवाज, ब्रेक, वळण सगळंच बदललं.

पार्ट्स बाहेरून मागवले तर कुरियर आणि ड्युटी धरून मला जवळपास दुप्पट पडले, शिवाय दोन-तीन आठवडे. त्यामुळे मोडल्यावर मागवायचं नाही, आधी मागवून ठेवायचं, घरी एक खोकंच केलंय. कंपनीची शिफारस ९८ ऑक्टेनची, मी शंभर ऑक्टेनवालं भरतो. साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, ते हवेतली ओल धरतं, आणि जुन्या रबराच्या गाडीत ते आठवडेच्या आठवडे पडून राहावं हे मला नको आहे.

आरटीओचा खर्च धरायला विसरू नका. १५ वर्षांनंतर आरसी रिन्यू करायला साध्या कारला ५ हजार फी आहे, इम्पोर्टेडला १ एप्रिल २०२२ पासून ४० हजार. माझी विकणाऱ्या काकांनी २०२३ मध्येच करून ठेवली होती म्हणून मी वाचलो. पण ती पाच वर्षांचीच, २०२८ ला गाडी २० वर्षांची होईल आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाने २० वर्षांवरच्या इम्पोर्टेड कारला ८० हजार. ग्रीन टॅक्स वेगळा.

आजपर्यंत पेट्रोल-इन्शुरन्स सोडून ४ लाख ५४ हजार लागले, त्यातले पहिल्या वर्षातच साडेतीनच्या वर. या वर्षी गाडी रस्त्यात एकदाही थांबली नाही. रविवारी सहाला निघतो, बेलापूरपर्यंत आणि परत, १२ सेकंदांत छत उघडतं, ५० च्या खाली असाल तर चालता चालतासुद्धा. एकदा बाबांना अटल सेतूवरून नेलं. ७१ वर्षांचे आहेत, एवढ्या खाली बसायला-उठायला त्रास होतो, पण उतरल्यावर म्हणाले, "मागून आवाज येतो तो बंद नको करूस, छान आहे." इंजिनचा आवाज मानेच्या मागून येतो तो म्हणत होते.

सध्या एकच गोष्ट नजरेखाली आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ऑइलचा ओलावा आहे. थेंब नाही. दर वेळी पुसतो, फोटो काढतो, पुढच्या वेळी जुन्या फोटोशेजारी ठेवून बघतो. मार्चपासून तेवढाच आहे. थेंब पडायला लागला की गिअरबॉक्स उतरवून सील बदलायचं असं मामांशी ठरलंय, सील खोक्यात आणून ठेवलंय.