अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे संकेतस्थळ: नाशिकच्या एका वकिलाचा दोन वर्षांचा वापर

जिल्हा न्यायालयातले काम आटोपून सीबीएस बसस्थानकाच्या गर्दीतून पंचवटीतल्या घरी पोहोचेपर्यंत मला सात वाजतात. वॉशिंग्टनमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे ऋतूप्रमाणे संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ झालेले असतात, आणि ज्या दिवशी तिथे सुनावणी असेल त्या दिवशी मी व माझ्याकडे काम शिकणारे दोन ज्युनिअर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर थेट युक्तिवाद ऐकत बसतो. गेली दोन वर्षे हा क्रम चालू आहे. या सेवेला शुल्क नाही, नावनोंदणीही लागत नाही.

या सेवेत मला सर्वांत मोलाची वाटते ती निकालपत्रांची मांडणी. प्रत्येक निकालपत्राच्या आरंभी सारांश असतो. तिथे त्याला सिलॅबस म्हणतात, आपण हेडनोट म्हणू. हा सारांश न्यायालयाच्या मताचा भाग नाही, तो वाचकांच्या सोयीसाठी तयार केलेला आहे, अशी सूचना त्याच्या डोक्यावरच छापलेली असते आणि तिला १९०६ च्या एका निकालाचा आधार दिलेला असतो. हेडनोटच्या जोरावर युक्तिवाद करण्याची सवय लागलेल्या तरुण वकिलांनी ही सूचना एकदा तरी सावकाश वाचावी. सारांशाच्या शेवटी कोणत्या न्यायमूर्तींनी मुख्य मत लिहिले, कोण त्यात सामील झाले, कोण काही भागांपुरतेच सामील झाले आणि कोणी भिन्न मत नोंदवले, याचा एक दाट परिच्छेद येतो. माझ्या ज्युनिअरांना मी सर्वांत आधी तोच वाचायला लावतो.

कारण नऊ न्यायमूर्तींची मते मोजणे दिसते तितके सोपे नाही. २०२२ च्या डॉब्ज प्रकरणात मिसिसिपीचा गर्भपातविषयक कायदा वैध ठरवण्याच्या बाजूने सहा न्यायमूर्ती होते. परंतु गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य करणारा १९७३ चा रो निकाल मोडीत काढण्याच्या बाजूने पाचच होते, कारण सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांना केवळ तो कायदा टिकवणे पुरेसे वाटत होते. वर्तमानपत्राच्या मथळ्यात सहा विरुद्ध तीन आणि पाच विरुद्ध चार हे दोन्ही आकडे आले आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते. हा फरक त्या एका परिच्छेदात स्वच्छ कळतो. त्याच धारिकेत पुढे ब्रेयर, सोटोमायोर आणि केगन यांचे संयुक्त भिन्न मतही पूर्ण मिळते.

हरलेल्या बाजूच्या न्यायमूर्तीचे म्हणणे इतक्याच काळजीने जपले जाते, याचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. आणीबाणीतल्या स्थानबद्धतेविषयीच्या १९७६ च्या जबलपूर प्रकरणात न्या. हंसराज खन्ना एकटे पडले होते. तरी आज वकिलांच्या खोलीत आदराने नाव निघते ते त्यांचेच. अमेरिकेत १८९६ च्या प्लेसी खटल्यात न्या. हार्लन असेच एकटे होते, आणि ज्या वर्णभेदाला त्यांनी विरोध केला तो शाळांपुरता घटनाबाह्य ठरवायला १९५४ उजाडावे लागले. निकाल प्रसिद्ध झाल्यानंतर मजकुरात दुरुस्ती झाली, तर ती कोणत्या तारखेला व कुठे झाली हेही हे संकेतस्थळ २०१५ च्या सत्रापासून दाखवते. एका शब्दावर अपील उभे राहते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या सोयीची किंमत कळेल.

माझी तक्रार आहे ती दुसऱ्या बाजूने. मतभेद उघड ठेवणारी ही व्यवस्था न्यायमूर्तींच्या आचरणाचा प्रश्न आला की फार थोडे बोलते. ३० एप्रिल २०२५ रोजी ओक्लाहोमातील एका धार्मिक शाळेला सरकारी खर्चाने चालणारी चार्टर शाळा म्हणून मान्यता देता येईल का, यावरचा युक्तिवाद आम्ही पूर्ण ऐकला, मुद्दे टिपून ठेवले आणि निकालाची वाट पाहिली. २२ मे रोजी निकाल आला तो एका वाक्याचा: न्यायालय समसमान विभागले गेल्याने खालच्या न्यायालयाचा निकाल कायम. कोणते चार इकडे आणि कोणते चार तिकडे, हे त्यात नव्हते. न्या. बॅरेट यांनी सहभाग घेतला नाही एवढी नोंद होती, कारण नव्हते. आपल्याकडेही न्यायाधीश ‘नॉट बिफोर मी’ म्हणून बाजूला होतात आणि बहुधा कारण सांगत नाहीत. पण तिथे त्या एका रिकाम्या खुर्चीमुळे अख्ख्या देशाचा प्रश्न अनिर्णित राहिला. हिजाब प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी आपल्या दोन न्यायमूर्तींची मते विरुद्ध पडली तेव्हा दोघांचीही कारणमीमांसा आपल्याला वाचता आली, आणि प्रकरण मोठ्या पीठासमोर ठेवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे गेले. तिथे त्याहून मोठे पीठ नाही.

नऊही न्यायमूर्तींनी स्वाक्षरी केलेली १३ नोव्हेंबर २०२३ ची आचारसंहिता याच संकेतस्थळावर आहे. ती वाचनीय आहे, मात्र तिचा भंग झाला तर तक्रार कोणाकडे करायची, हे तिच्यात सापडत नाही. खालच्या संघीय न्यायाधीशांविरुद्ध १९८० च्या कायद्यानुसार कोणीही तक्रार दाखल करू शकतो. सर्वोच्च न्यायालयातील नऊ जणांना तो कायदा लागू नाही. ही उणीव मला गंभीर वाटते, कारण याच न्यायालयाने इतरांना कडक कसोटी लावलेली आहे. २००९ च्या केपर्टन प्रकरणात एका कोळसा कंपनीविरुद्ध पाच कोटी डॉलरचा निवाडा झालेला होता; कंपनीच्या प्रमुखाने वेस्ट व्हर्जिनियाच्या न्यायालयीन निवडणुकीत सुमारे तीस लाख डॉलर खर्चून ज्यांना साहाय्य केले, तेच न्यायमूर्ती कंपनीच्या अपिलात बसले. त्यांनी बाजूला व्हायलाच हवे होते, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. त्यावरच्या भिन्न मतात रॉबर्ट्स यांनी चाळीस क्रमांकित प्रश्न विचारले आहेत: किती पैसा म्हणजे फार, उपकाराचे ओझे किती काळ टिकते, वगैरे. मला बहुमत पटते. तरीही ज्युनिअरांना मी आधी ते चाळीस प्रश्न सोडवायला देतो, आणि दोन संध्याकाळी त्यातच जातात.

ध्वनिप्रक्षेपण मे २०२० पासून सुरू आहे. चित्र मात्र दिसत नाही. आपल्या घटनापीठांच्या सुनावण्या २०२२ पासून डोळ्यांनी पाहता येतात, त्या तुलनेत हे उणे आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे बरेच निकाल आता मराठीतही मिळतात, तशी अपेक्षा इथे करता येत नाही, त्यामुळे इंग्रजीची सवय हवी. शब्दशः लिखित वृत्तान्त त्याच दिवशी चढतो, त्याचा यात मोठा आधार होतो.

विधी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षातील मुलांनी आणि पहिल्या पाच वर्षांतील वकिलांनी ही सेवा जरूर वापरावी. नवे सत्र ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत आपल्याकडे साडेसातला बसावे, आणि अमेरिकेतली घड्याळे मागे गेली की मार्चपर्यंत साडेआठला.